बोळे न घातलेले कान

पांढरेमामांचं आडनाव पांढरे नव्हतं. पिठाच्या गिरणीत उभा जन्म गेला. भुवया, मिशा, कानाच्या पाळ्या, सगळ्यावर पीठ. अंघोळ करून बाहेर पडले की गल्लीतलं कुत्रं ओळख न पटून भुंकायचं. लोकांनी नाव पाडलं ते पाडलं.

गिरणीच्या भिंतीला एक फळी, फळीवर फडक्यात गुंडाळलेला रेडिओ आणि रेडिओत बाई. गाणाऱ्या बाई. मामा त्यांचं नाव कधी घेत नसत. नुसतं "बाई लागल्या" म्हणायचे आणि गिऱ्हाइकानं ओळखायचं, आता आपला डबा मागं पडला. दाणे घातल्यावर गिरणी मध्येच बंद करता येत नाही. त्यामुळं पट्टा धडधडतोय, दगडाची पाळ खडखडतेय आणि मामा रेडिओच्या जाळीला कान चिकटवून उभे, डोळे मिटून.

"लागली वाटतं माझी सवत," मामी म्हणायच्या. "बघा कसे वितळलेत."

गिरणीच्या दगडाला टाकी लावणारा मिस्त्री मामांना दरवेळी बजावायचा, "कानात कापसाचे बोळे घाला मामा. नाहीतर म्हातारपणी ठार बहिरे व्हाल." बाकीचे गिरणीवाले घालायचे. मामांनीही एकदा घातले. नेमक्या तेव्हाच बाई लागल्या आणि बोळ्यांतून आली नुसती कुणकुण. मामांनी बोळे उपटून कोंड्यात फेकले. "बहिरा होईन तेव्हा होईन. आज तर ऐकू दे."

झाले. अगदी मिस्त्री म्हणाला होता तसे. आधी चिमण्या गेल्या, मग दारावरची घंटी, मग नातीची हाक. बाईंचा आवाज शेवटी गेला, तोही तुकड्यातुकड्यानं. बाई सुरांचा जिना चढत जायच्या, वरच्या पायऱ्यांवर दिसेनाशा व्हायच्या आणि जरा वेळानं खाली उतरताना पुन्हा भेटायच्या. पुढं पुढं खालच्या पायरीवरही भेटेनात.

मामींशी बोलायची तशी अडचण नव्हती. गिरणीत तोंडानं बोलायची सोय नसतेच. चिमूट चोळली की बारीक दळा, मूठ उघडझाप केली की जाडसर. दोघांचा निम्मा संसार खुणांवर झालेला, भांडणंसुद्धा.

बाई गावात पूर्वी एकदा येऊन गेल्या होत्या. तेव्हा गिरणीपुढं डब्यांची रांग लागलेली. मामा म्हणाले, "पुढच्या वेळी जाऊ." पुढची वेळ आली ती मामांचे कान गेल्यावर.

तिकिटं मामींनी रांगेत उभं राहून आणली.

"आता नेऊन काय उपयोग?" मामा म्हणाले.

"जेवढं येईल तेवढं ऐका. मला तरी बघू दे की बया दिसते कशी."

डॉक्टरनं कानाला यंत्र दिलं होतं. माणसांचं बोलणं कळेल, गाण्याचं सांगता येत नाही, असं तो म्हणाला होता. मामांनी ते लावलं, पण पहिल्या टाळ्या पडल्या आणि कानात जणू कुणी खडी ओतली. काढून खिशात टाकलं.

पडदा वर गेला. बाई बुटक्या निघाल्या. काठी टेकत आल्या, खुर्चीत बसल्या. रेडिओत त्या उंच होत्या.

गाणं सुरू झालं आणि मामा सुखावले. ऐकू येत होतं! सगळं, शब्द न् शब्द, वरच्या पायरीपर्यंत. त्यांनी डोळे मिटून घेतले. पुरतं कडवं ऐकून समाधानानं डोळे उघडले, तर बाई पाणी पीत होत्या. तोंड बंद, आणि मामांच्या डोक्यात गाणं चालूच. रेडिओतलं, जुनं.

मामांनी मामींना कोपरानं ढोसलं आणि नुसत्या भुवया उडवल्या: आवाज कसा आहे?

मामींनी मूठ उघडझाप केली. जाडसर.

हे मामांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या बाई अजून बारीकच गात होत्या. मग त्यांनी डोळे मिटले नाहीत. खुर्चीच्या टोकावर सरकून, मान पुढं काढून बसले. आजचं काहीतरी हवं होतं, एवढंसं का होईना. बाईंचे ओठ हलत होते, गळ्याची शीर ताठ होत होती, लोक माना डोलवत होते. मामांपर्यंत ठोका तेवढा पोचत होता.

मग मामांचं ते गाणं आलं. ज्यापायी बोळे उपटले, ते. मामींनी मामांच्या मांडीवर थाप मारून सांगितलं. बाई वर चढल्या, अर्ध्यात अडखळल्या आणि माइकवरच खोकल्या. धाड् धाड् धाड्. लोक अवघडून गप्प झाले. मामा ताडकन उभे राहिले. मागच्यानं शर्ट ओढून बसवलं.

बाहेर आल्यावर मामींनी त्यांच्या तोंडासमोर येऊन विचारलं, "अहो, आलं का काही ऐकू?"

"खोकला."

"खोकला? एवढं तंगडतोड करून मी तिकिटं आणली ती खोकल्यासाठी?"

"रेडिओवर कधी खोकल्या नव्हत्या त्या," मामा म्हणाले. "हा आजचा होता."



नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी बाईंची गाडी उभी होती. मामा तिकडं वळले. मामींनी बाही ओढून त्यांना आपल्याकडं फिरवलं.

"आता कुठं निघालात?"

"जरा थांबू. गाडीत बसताना काही बोलल्या तर..."

"बोलल्या तर तुम्हाला येणार आहे का ऐकू?"

"खोकल्या तर येईल," मामा म्हणाले.

मामींनी हातातली पिशवी खाली ठेवली.