शेळी गेली, पण मी सुटले

व्हय गं बायांनो, मी घरीच हाय! पोलिसांनी मला नेलं म्हणून कोण सांगून राहिलं?

मागच्या बाजारात गोरेगावला एका अनोळखी माणसाकडून मी शेळी घेतली होती. आज सकाळी जमादार दारात, संगं पुसेगावची रहीमाबी. तिनं नुसतं "ये राणी" म्हणलं, तर शेळी दावं तोडून तिच्या पदरात घुसली. चोरीचीच निघाली!



जमादार म्हणले, "मावशी, चोरीचा माल हाय हे माहीत असून घेतला, तर घेणाराबी गुन्हेगार. माहीत नसलं तर न्हाई. बाजाराची पावती हाय का?"

"हाय की. मी तुमच्यावाणी बिनपावतीचं काही घेत न्हाई."

रहीमाबी पदराआड हसली. जमादारानं पावती घेतली, 'माहीत नव्हतं' असा जबाब लिहिला, माझी सही घेतली. शेळी गेली, पण माझा जीव भांड्यात पडला.

माझ्या जागी तुमी असत्या तर जमादाराला काय सांगितलं असतं, बायांनो?

माझं ऐका. शेळी कितव्या वेताची, किती येळा व्याली, हे इकणाऱ्याला सांगताच आलं न्हाई. ती चोरीची हाय हे मला तवाच कळलं होतं. तरी घेतली.