गोठलेल्या तळ्यावर उतरणारा मधू

फोन आला तेव्हा मी चामराजपेटच्या घरी गच्चीवर सांडगे घालत होते. कॅनडाहून माझ्या धाकट्या भावाचा, मधूचा, सहकारी वैमानिक बोलत होता. बर्फ फुटला, मधू गेला, एवढंच मला तेव्हा कळलं... महिना उलटला, तरी आठवण आली की मला रडू येण्याआधी रागच येतो.

तिकडे उत्तरेला रस्ते नसलेल्या वस्त्यांवर मधू छोट्या विमानातून सामान पोचवायचा. हिवाळ्यात चाकांच्या जागी लांबट स्की लावायच्या आणि गोठलेल्या तळ्यावर उतरायचं. आम्हाला बर्फ ठाऊक तो उसाच्या रसातला! "माणसासारखं धावपट्टीवर उतर की रे," मी म्हणायचे.

"अक्का, स्वल्प ऐकून घे. आधी नुसतं टेकवायचं आणि परत उडायचं. मग घिरट्या घालत बर्फावर उमटलेल्या आपल्याच स्कींच्या रेघा बघायच्या. पांढऱ्या राहिल्या तर उतरायचं, काळ्या पडल्या तर वर पाणी आलंय, पळायचं."

"आणि पांढऱ्या राहूनही बर्फ पातळ असला तर?"

"सरी, बरं... मग तू आहेसच देवाला सांगायला."

एकदा त्याने व्हिडिओ पाठवला होता. दोन स्वच्छ रेघा, आणि बघता बघता त्या काळ्या होत गेल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नदी तळ्याला मिळते तिथे प्रवाह बर्फ खालून खात असतो, आणि वरून सगळं सारखंच शुभ्र दिसतं, हेही त्यानेच सांगितलेलं. त्यानंतर तो फोनवर हसला, की मला धास्तीच वाटायची.

हा त्याचा शेवटचा हिवाळा होता. उन्हाळ्यात तो कायमचा घरी येणार होता. तो सहकारी नंतर म्हणाला, बर्फ फुटला त्या दिवशी खाली आदल्या दिवशीच्या त्याच्याच रेघा दिसत होत्या, पांढऱ्या, कोरड्या. म्हणून तो न तपासता थेट उतरला. पण आदल्या दिवशी विमान रिकामं होतं, आणि त्या दिवशी आत डिझेलची पिंपं होती. इतक्या वर्षांचा जाणता माणूस, आणि भुलला तो स्वतःच्याच रेघांना!

त्याच्यासाठी माडीवरच्या खोलीत लाल सिमेंटची जमीन घालायला दिली होती. काम थांबवायचं मला सुचलंच नाही. परवा मेस्त्री म्हणाला, "वाळून पक्की झाली अक्का, पाय ठेवा." मी पाय उचलला. जमीन चकचकीत होती, कुठेही डाग नव्हता... मेस्त्री त्यावर उभा राहून मला बोलावत होता. मी पाय मागे घेतला आणि त्याला म्हणाले, "तुम्ही आधी बाहेर या."