फोटोपुरते हातमोजे

“तुम्ही जयभीमवाले ना? मग सरकारी पैसा कसा खायचा, हे आम्ही तुम्हाला शिकवायचं का?”

नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात, मशीन शॉपमध्ये, सगळ्या कामगारांसमोर मॅनेजर मला हे म्हणाला. हसत. बाकीचेही हसले. मीही हसेन, असं त्याला वाटलं असावं.

मी नांदगावकडची. आई-बाप मजुरीवर. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे मी मान वर करून सांगते. ऐकणारा लगेच आडनाव विचारतो. तेही सांगते.

शिकाऊ उमेदवारांच्या मदत केंद्रात मी कंत्राटावर होते. पेठ, सुरगाणा तालुक्यांतून आयटीआय करून आलेल्या पोरापोरींना कारखान्यात लावायचं, राहायला खोली बघून द्यायची. आणि मुख्य काम म्हणजे न कळवता जाऊन बघायचं, की पोरगं मशीनवर आहे का हमालीला जुंपलंय. केंद्राला अनुदान सरकारचं. त्यामुळे कंपनीला माझं तोंड बंद करता येत नव्हतं.

मग नियम बदलला. केंद्राचं अनुदान बंद, पैसा थेट कंपन्यांना. आमचे साहेब म्हणाले, “घाबरता कशाला? कंपनीच तुम्हाला समन्वयक म्हणून घेईल. काम तेच.”

तेच कसं? राखणदाराचं ताट चोराच्या घरी वाढायचं आणि म्हणायचं, राखण तीच. हा बदल कंपन्यांनीच सुचवला असणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी सातपूरच्या त्या कारखान्यात गेले. म्हटलं, आत जाऊन बघू तर.

पहिल्याच दिवशी फोटो. अनुदानासाठी वर पाठवायला लागतो म्हणे. त्यासाठी सुनीताला बोलावलं. पेठची पोरगी, टर्नरचा, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कातायचा कोर्स केलेली. आल्यापासून तिच्या हातात झाडूच दिला होता, हे तिनंच मला मागे सांगितलं होतं. आज तिच्या अंगावर नवाकोरा कोट, घडीच्या रेघांसकट. हातांत पांढरेशुभ्र हातमोजे. तिला लेथसमोर उभं केलं. फोटोवाला म्हणाला, “मशीन चालू करा ना, खरं वाटेल.”

कोणीतरी चालू केली.

फिरत्या लेथवर हातमोजे घालत नाहीत. एक धागा अडकला की हात आत ओढला जातो. आयटीआयमध्ये सगळ्यात आधी हेच शिकवतात. सुनीताला माहीत होतं. तिथल्या प्रत्येक कामगाराला माहीत होतं. तरी कोणी पुढे झालं नाही.

“सुनीता, मोजे काढ,” मी म्हणाले.

“अहो मॅडम, दोन मिनिटांचा फोटो. तुमचा पगारही ह्यातूनच निघणार आहे,” मॅनेजर म्हणाला. आणि मग ते जयभीमवालं वाक्य.

असलं हसणं मी कॉलेजपासून ऐकत आलेय, आणि गिळत आलेय. पण त्या क्षणी लख्ख दिसलं. हात सुनीताचा जाणार, आणि विचारणा झाली की पुढे करायला समन्वयक मी. त्यासाठीच मला घेतलं होतं.

पुढे होऊन लाल बटण दाबलं. लेथ थांबली.

“आमच्या बापानं दुसऱ्याच्या बांधावर बसून भाकर खाल्ली, साहेब. कोणाचा हात नाही खाल्ला.”

सुनीतानं मोजे काढून मशीनवर टाकले. “ताई, फोटो काढायचाच तं झाडूसंगं काढा. त्यो माझ्या वळखीचा हाय.”

या वेळी कोणी हसलं नाही.

ती नोकरी मी तिथंच सोडली. सुनीता आत आहे, तिचं शिकायचं वर्ष अजून चालू आहे. ते झाडण्यात जाऊ द्यायचं नाही. मला गेटच्या आत घेत नाहीत, म्हणून कारखाना सुटायच्या वेळी समोरच्या टपरीपाशी उभी राहते. बाहेर येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ पोरीला, पोराला विचारते, आज काय शिकवलं? उत्तर मिळेल ते मोठ्यानं म्हणते, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

काल वॉचमन आला. “मॅडम, मॅनेजरसाहेब विचारतात, तुम्हाला पाठवलं कोणी?”

म्हटलं, सांग त्यांना, कोणीच नाही. त्यामुळे परत बोलावणारंही कोणी नाही.