जावईबापूंची थेरं

शिवणमावशीच्या तोंडी शिवी नव्हती, पण एक शब्द होता: थेरं. ज्याला काम करायचं नसतं आणि वाहवा मात्र हवी असते, तो जे जे करतो ती थेरं. भिंतीची भेग बुजवायची सोडून कुणी तिच्यावर कॅलेंडर टांगलं, तरी मावशी म्हणायची, "काय ही थेरं!"

जावईबापूंची नोकरी गेली. लेकीच्या शब्दाखातर मावशीने त्यांना आपल्या शिवणाच्या दुकानात घेतलं आणि तेव्हापासून तो शब्द रोज गिळला. जावयाला कसं म्हणणार?

जावईबापूंनी दारावर रंगीत दिवे लावले, मोठ्यांदा गाणी लावली. गिऱ्हाइकाने एक चाक फिरवायचं, बाण थांबेल तेवढी सूट. शिलाई मशीनला मात्र त्यांनी कधी थेंबभर तेल घातलं नाही.

दवाखान्यातल्या सिस्टरांचे तीस कोट दरवर्षी मावशीकडेच असत, बावीस वर्षं. सुती कापड ती आधी भिजवून, वाळवून मगच कापायची. यंदा ती तापाने आठवडाभर अंथरुणात पडली. जावईबापूंनी बाहेर पाटी लावली, 'तीस कोट तीन दिवसांत!' आणि कोरंच कापड कापलं.

पहिल्याच धुण्यात बाह्या वर चढल्या. थोरल्या सिस्टर गठ्ठा घेऊन आल्या.

"मावशी, हे तुमच्या हातचं?"

मावशीने एक बाही उलटी केली. उसवून लांब करावी, तर आत बोटभरही कापड सोडलेलं नव्हतं.

"त्यात काय!" जावईबापू पुढे झाले. "चमकीची पट्टी लावू, फुकट. नवी फॅशन!"

"आणि ती चमकी कुणाच्या जखमेत पाडू?"

मावशीने बाही पुन्हा सुलटी केली. "सिस्टर, कापड माझ्या पदरचं घालते. बारा दिवस द्या."

"बारा दिवस काय घालू आम्ही? दुसरीकडे टाकलंय काम." गठ्ठा टेबलावर ठेवून त्या गेल्या.

"जाऊ द्या हो, आई! मी आणखी मोठं चाक आणतो."

"जावईबापू, पुरे झाली तुमची थेरं."

"मला म्हणताय?"

"तुम्हालाच. अहो-जाहो करून म्हणतेय, एवढा मान पुष्कळ झाला. बादली तिकडे आहे. कापड भिजवायचं असेल तर बाह्या सरसावा, नाहीतर घरी जा."

जावईबापूंनी बादलीकडे पाहिलं, अंगातल्या कडक इस्त्रीकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

तासाभरात लेकीचा फोन आला. पलीकडे नुसतं रडणं. मावशीने फोन कानाशी धरून ठेवला. समजूत मात्र घातली नाही.