सातव्या मजल्याचं आभाळ

माझ्या गॅलरीसमोरची इमारत चौथ्या स्लॅबवरच अडकून पडली आहे. वर निघालेल्या सळया गंजून गेल्या. तरी एक तरुण जोडपं दर रविवारी स्कूटरवरून येतं. त्यांचं पहिलंवहिलं घर सातव्या मजल्यावर आहे, म्हणजे अजून नुसतं आभाळातच. ‘दिवाळीत ताबा देतो’ म्हणणारा बिल्डर आता फोनही उचलत नाही, असं ती मला एकदा म्हणाली होती.

तो बोट उंच करून म्हणतो, “तो बघ आपला हॉल.” ती त्याचं बोट धरून जरा डावीकडे सरकवते. “अरे, तिथं स्वयंपाकघर. हॉल इकडे.”

पूर्वी मला गंमत वाटायची. हल्ली बघवत नाही. गेलेल्या माणसाविषयी बोलतानाही आपल्याकडे बोट असंच वर जातं.

आज त्यानं गावाहून आईला आणलं होतं. “आई, ते आपलं घर,” म्हणत त्यानं बोट वर केलं. म्हातारीनं बराच वेळ वर पाहिलं. तिथं एक घार फिरत होती. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडले.

त्याचं बोट तसंच वर राहिलं. बायकोनं ते धरलं. या वेळी डावीकडे सरकवलं नाही, हळूच खाली आणलं.