मुकं जनुक आणि शरयूआत्या

कोणी काही ठामपणे सांगितलं की शरयूआत्या चष्मा कपाळावर चढवून विचारायची, "कशावरून?" लग्न ठरल्याचे पेढे आणणाऱ्यांनाही तिने हे विचारलं होतं. धारच्या कॉलेजात तिने जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं. गेल्या वर्षी ती गेली. ही त्याआधीची गोष्ट.

माझी आई आतड्याच्या कॅन्सरने वारली, म्हणून माझ्या जनुकांची तपासणी झाली. एका जनुकात दोष निघाला. गर्भाशयालाही धोका आहे, चाळिशी आली, आता थांबू नका, असं डॉक्टर म्हणाले. गर्भाशय काढायची तारीख ठरली. आम्हाला मूल नव्हतं. आशा सोडलेली नव्हती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आत्या बसने देवासला आमच्याकडे आली. रिपोर्ट वाचताना जनुकाच्या नावावर तिचं बोट थांबलं.

"याची एक नक्कल असते गं आपल्यात. माणूस माणूस व्हायच्या आधीच कधीतरी याची जादा प्रत उतरली. मूळ जनुक काम करत राहिलं, म्हणून नक्कल बिघडली तरी कुणाचं अडलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या बिघाड साचले, ती मुकी झाली. पण अक्षरं जवळपास तीच. तपासणीत तिचा दोष मूळ जनुकाच्या नावावर पडू शकतो."

माझा नवरा, मिलिंद, उसळला. "आत्या, ये कोई क्लास नहीं है! उद्या हिला गाठ झाली तर जिम्मेदारी कुणाची?"

"माझी. पण काढलेलं परत बसवता येत नाही, जावईबापू."

त्याच दुपारी ती माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आली. त्यांनी ऐकून घेतलं, लॅबला फोन केला आणि ऑपरेशन थांबवलं. मूळ जनुक वेगळं काढून पुन्हा तपासायचं ठरलं.

मग नुसती वाट पाहणं. मिलिंद आत्याचं नाव काढेना. पोटात जरा दुखलं तरी गाठच असेल असं वाटे. आत्या रोज फोन करायची, "जेवलीस का?" एवढंच विचारायची.

दोष नकलेतलाच निघाला. मूळ जनुक धड होतं. आईमुळे आतड्याची तपासणी मात्र करत राहायची होती.

मिलिंदने गाडी थेट धारला काढली. आत्या दारात आली, तेव्हा मी दचकले. गालफडं बसली होती, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आम्ही सांगितलं तशी ती भिंतीला धरून पायरीवर बसली.

"खात्री कुठे होती रे मला," ती म्हणाली. "नुसती शंका होती."

मिलिंद तिच्याशेजारी बसला. तिचे हात त्याने हातात घेतले, ते बराच वेळ सोडले नाहीत.