गोळे फोडायचा गेम आणि बाबांचं गाऱ्हाणं

माझ्या चुलतभावाला फुकट मिळणाऱ्या वस्तूचं वेड आहे. रोज गोव्यात नोकरीला जातो, तेव्हा कॉम्प्युटरमधलं आपल्याएवढं कोणालाच कळत नाही, ही त्याची खात्री. आग लागो त्या अकलेला!

आईला रंगीत गोळे फोडायचा एक जुना गेम फार आवडायचा. नव्या कॉम्प्युटरवर तिची जुनी सीडी चालेना. मूळ कंपनीच्या साइटवर तोच गेम एका सुरमईच्या किमतीत होता, जाहिराती सोसल्या तर फुकटसुद्धा. मी पैसे भरायला बसलो, तर हा मागे उभा.

"पैशे कित्याक घालतस रे? येडो मरे तू!" त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला, त्यात त्याच गेमची आकाराने लहान केलेली चोरटी प्रत. "ह्यो बघ, दाबून दाबून इल्लोसो केल्लो आसा."

गेम घालताना सूचना आली, आधी अँटिव्हायरस बंद करा. मला खटकलं. "सगळे तसाच करतत," तो म्हणाला. मी बंद केला.

आई दिवसभर खूश होती. दुसऱ्या दिवशी एकही फाइल उघडेना, स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. फोटो गेले ते गेले, पण त्याच कॉम्प्युटरमध्ये बाबांचं गाऱ्हाणं होतं.

वाडीच्या देवळात जत्रेला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. बाबा अख्ख्या वाडीसाठी देवाकडे मागायचे आणि मागची माणसं प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणायची. शेवटी नारळ देवापुढे ठेवला की मागणं देवाला पोचलं. ते कुठे लिहिलेलं नाही. मी एकदा गुपचूप रेकॉर्ड केलं होतं, तेवढंच. दुसरी प्रत ठेवायची अक्कल मला नव्हती. बाबा गेले, आणि यंदा ते ऐकून पाठ करून मला उभं राहायचं होतं.

"व्हायरस खंयसूनय येता," एवढंच भाऊ म्हणाला, जणू तो वाऱ्यावरून कुठूनही येतो. माफी नाही, काही नाही. मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

जत्रेला नारळ घेऊन उभा राहिलो आणि चौथ्या वाक्याला अडलो. कुठल्या देवाला आधी हाक मारायची, दर्यावर गेलेल्यांसाठी काय मागायचं, काही आठवेना. सगळी वाडी बघत होती. लाजेने आणि संतापाने माझ्या तोंडून भलतंच निघालं, "बा देवा म्हाराजा, ज्येणी कोणी ह्या घराचो घात केल्यान आसात, तेका तूच बघून घे!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज चुलतभावाचा. निर्लज्ज मेलो! मी वळून त्याच्यावर डोळे वटारले.

तेवढ्यात आठवलं, अँटिव्हायरस बंद करणारा हात माझा होता. त्याच हातात देवाचा नारळ होता, आणि तो देवापुढे ठेवायला मला धीर होईना.